रिपोर्ट नॉर्मल, तरी अँजिओप्लास्टीआधी कोलेस्टेरॉलची गोळी कशाला?

वाचकाचं पत्र

नमस्कार डॉक्टर,
आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. माझे यजमान 58 वर्षांचे आहेत, सातपूरच्या कंपनीतून यंदाच निवृत्त झाले. दोन वर्षांपासून त्यांना डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. दिवाळीत पाहुण्यांना घेऊन पांडवलेण्याला गेलो होतो, तेव्हा पायऱ्या चढताना त्यांच्या छातीवर दाब आला, थांबल्यावर गेला. नंतर दोन-तीनदा तसंच झालं. टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून करतात ती हृदयाची तपासणी, पॉझिटिव्ह निघाली. आता पंधरा दिवसांनी अँजिओग्राफी आहे आणि गरज वाटली तर तेव्हाच अँजिओप्लास्टी करणार आहेत.

डॉक्टरांनी रोज ॲटोर्व्हास्टॅटिन 40 आणि आदल्या रात्री 80 लिहून दिलं आहे. पण यांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 96 आहे, रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलंय. हे म्हणतात, “कोलेस्टेरॉल नॉर्मल असताना एवढी मोठी गोळी कशाला? स्टेंट बसला की विषय संपला.” निफाडचे माझे थोरले दीर म्हणतात की या गोळीने लिव्हर जातं, शुगर वाढते, त्यापेक्षा अर्जुनाच्या सालीचा काढा द्या. शेजारच्या काकांना गेल्या वर्षी स्टेंट बसवला, त्यांना आधी असा कुठलाच डोस दिला नव्हता. कंपनीच्या डॉक्टरांनी पूर्वी दिलेली रोसुव्हास्टॅटिन 10 ची पाकिटं घरात पडून आहेत, हे ती आठवण झाली तर घेतात. तीही सोबत द्यायची का? आणि त्या दिवशी उपाशीपोटी बोलावलंय, मग सकाळच्या गोळ्यांचं काय करायचं? यांचे वडीलही बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, म्हणून जीव घाबरा होतो.
— एक भगिनी, सिडको, नाशिक

उत्तर

ताई,

सगळ्यात आधी घरातल्या जुन्या पाकिटांबद्दल सांगते, कारण खरा धोका तिथे आहे आणि त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. रोसुव्हास्टॅटिन आणि ॲटोर्व्हास्टॅटिन ही एकाच घराण्यातली, स्टॅटिन गटातली औषधं आहेत. दोन्ही एका वेळी द्यायची नाहीत. डॉक्टरांनी ॲटोर्व्हास्टॅटिन सुरू केलं आहे, तेव्हा जुनी गोळी बाजूला काढा, आणि “घरात हीसुद्धा होती, अधूनमधून घेत होते” हे त्यांना फोन करून सांगा. ही माहिती त्यांच्याही उपयोगाची आहे. 96 हा आकडा गोळी घेत असतानाचा की न घेता, यावर त्याचा अर्थ ठरतो.

हीच काळजी घरी सोडल्यानंतरही घ्यायची आहे. आपल्याकडे स्टेंटनंतर बऱ्याचदा ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि एक स्टॅटिन अशी तिन्ही औषधं एकाच कॅप्सूलमध्ये देतात. पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं, औषधाचं नाव खाली बारीक अक्षरात. घरी आल्यावर माणूस नवी कॅप्सूलही घेतो आणि जुनी गोळीही चालू ठेवतो, आणि दोन स्टॅटिन एकदम पोटात जात राहतात. म्हणून कुठल्याही पाकिटावर ‘स्टॅटिन’ने संपणारं नाव शोधा. दोन पाकिटांवर सापडलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढची गोळी देऊ नका.

आता यजमानांच्या प्रश्नाकडे येते. तो प्रश्न अगदी रास्त आहे. लॅबच्या कागदावर 100 च्या खालचा आकडा नॉर्मल छापलेला असतो, पण तो चारचौघांसाठी असतो. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आधीच चरबीचे थर साचले आहेत, त्यांच्यासाठी मर्यादा वेगळी आहे. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा माणसाचं एलडीएल 55 च्या खाली हवं, आणि शिवाय मूळ आकड्याच्या निम्म्यावर तरी यायला हवं. भारतातल्या तज्ज्ञांनी तर 50 च्या खालचं लक्ष्य ठेवलं आहे, कारण आपल्याकडे हा आजार लवकर येतो. अँजिओग्राफीत ब्लॉकेज दिसलं, तर त्यांच्या वयाला, डायबेटिसला आणि वडिलांच्या इतिहासाला 96 हा आकडा जास्तच आहे. कागदावरचं ‘नॉर्मल’ वाचून निश्चिंत होऊ नका.

तरीही तुम्ही म्हणाल, पंधरा दिवसांत आकडा कितीसा उतरणार, मग आदल्या रात्रीच्या 80 चा काय उपयोग? एलडीएल खाली यायला आठवडे लागतात हे खरंच आहे. पण आदल्या रात्रीचा डोस आकड्यासाठी नसतोच. अँजिओप्लास्टीत फुगा फुगवून चरबीचा थर बाजूला दाबतात आणि तिथे स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, उघडतात. हे होताना थरातले बारीक कण सुटून पुढच्या केसासारख्या रक्तवाहिन्यांत अडकू शकतात, वाहिनीच्या अस्तराला सूज येते, आणि हृदयाच्या स्नायूला थोडी इजा होते. बहुतेकांना ती जाणवतही नाही, फक्त ट्रोपोनिन किंवा सीके-एमबी, म्हणजे स्नायूला इजा झाल्यावर रक्तात येणारे घटक, वाढलेले दिसतात. काहींना मात्र ही इजा मोठी होते. स्टॅटिन चरबी कमी करण्याखेरीज वाहिनीच्या अस्तराची सूज उतरवतं, आणि ते काम काही तासांपासून दिवसांत सुरू होतं. प्रक्रियेच्या आधी ते शरीरात असावं हा हेतू त्यामुळेच आहे.

याचा पुरावा कितपत आहे, तेही सांगते. 2004 साली इटलीत 153 रुग्णांवर एक चाचणी झाली. छातीत दुखणं स्थिर असलेली, म्हणजे श्रमाने दुखणारं आणि थांबल्यावर जाणारं, तुमच्या यजमानांसारखीच ही माणसं होती. निम्म्यांना अँजिओप्लास्टीच्या आधी 7 दिवस ॲटोर्व्हास्टॅटिन 40 दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. प्रक्रियेच्या वेळची हृदयाची इजा औषध घेतलेल्यांत शंभरात 5 जणांना झाली, न घेतलेल्यांत 18 जणांना. 2009 मध्ये इटलीतच 668 पैकी निम्म्या रुग्णांना आदल्या दिवशी 80 चा एकच डोस दिला, तेव्हा हेच प्रमाण शंभरात साडेनऊ विरुद्ध जवळपास सोळा असं आलं. तुमच्या डॉक्टरांनी जे लिहिलं आहे, त्यामागे हे काम आहे.

पण या चाचण्या लहान होत्या. 2018 मध्ये ब्राझीलमधून 4191 रुग्णांचा अभ्यास आला. ही माणसं हार्ट अटॅक किंवा अस्थिर दुखणं घेऊन आलेली होती. त्यातल्या निम्म्यांना आधी 80 आणि 24 तासांनी पुन्हा 80 देऊन पाहिलं. एकंदरीत सगळ्यांचा हिशेब केला, तेव्हा महिनाभरातल्या मोठ्या त्रासात ठाम म्हणावा असा फरक पडला नाही. त्यातल्या ज्यांची खरोखर अँजिओप्लास्टी झाली, त्यांच्यात मात्र प्रमाण 8.2 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आलं. म्हणजे फायदा दिसतो, पण सुरुवातीच्या लहान चाचण्यांत वाटला होता तेवढा मोठा नाही. माझं मत विचाराल तर दोन-चार डोसांचा धोका फार कमी, खर्च किरकोळ, आणि ज्यांना ही गोळी नाहीतरी पुढे घ्यायचीच आहे त्यांनी ती आठवडाभर आधी सुरू करण्यात काहीही गमावत नाही. तुमच्या डॉक्टरांचा निर्णय मला पटतो.

शेजारच्या काकांना तो डोस का दिला नसेल, हे त्यांचे कागद न पाहता मी सांगू शकत नाही. कदाचित ते आधीपासून स्टॅटिन घेत असतील. कदाचित अटॅक येऊन रातोरात नेलं असेल. अटॅकमध्ये गोळीचा परिणाम होण्याची वाट कोणी बघत नाही, वाहिनी जितक्या लवकर उघडेल तितकं चांगलं. गोळी तेव्हाही देतात, पण धावपळ फुग्यासाठी असते. आधी डोस मिळाला नाही म्हणून त्यांचं काही चुकलं असं समजू नका आणि त्यांनाही तसं म्हणू नका. ते आज स्टॅटिन रोज घेतात का, एवढं मात्र जरूर विचारा.

कारण “स्टेंट बसला की विषय संपला” हे वाक्य मी दवाखान्यात फार ऐकते, आणि त्यानेच माणसं पुन्हा आजारी पडतात. तुमच्या दिरांची निफाडला द्राक्षबाग असेल, तर त्यांना हे पटकन कळेल. ठिबकची नळी एका ठिकाणी क्षारांनी चोकअप झाली, आपण तो ड्रिपर बदलला, तिथलं पाणी सुरू झालं. पण पाण्यातले क्षार तेच राहिले तर बाकीच्या नळीत साचणं थांबत नाही. स्टेंटने एका जागेची वाट मोकळी होते. बाकी सगळ्या वाहिन्यांचं रक्षण औषधाने होतं. स्टेंट बसवलेल्या जवळपास 700 रुग्णांचा 3 वर्षं पाठपुरावा करणारा एक अभ्यास 2011 मध्ये आला. नंतर जे त्रास उद्भवले, त्यातले जवळजवळ निम्मे स्टेंट नसलेल्या जागांतून आले, आणि त्यातल्या पुष्कळ जागा पहिल्या अँजिओग्राफीत किरकोळ दिसल्या होत्या.

याहून महत्त्वाची गोष्ट 2020 साली पुढे आली. छातीचं दुखणं स्थिर असलेल्या 5179 रुग्णांत तुलना केली: एका गटाला औषधं आणि लगेच अँजिओग्राफी व गरजेनुसार स्टेंट किंवा बायपास, दुसऱ्याला आधी फक्त औषधं. मृत्यू आणि हार्ट अटॅक यांत एकूण फरक पडला नाही. ज्यांना वारंवार छातीत दुखायचं त्यांना स्टेंटने किंवा बायपासने खूप आराम मिळाला, हे मात्र नक्की. याचा अर्थ अँजिओग्राफी टाळा असा मुळीच घेऊ नका. मुख्य डाव्या वाहिनीत मोठं ब्लॉकेज असलेले रुग्ण त्या अभ्यासात घेतलेच नव्हते, आणि तुमच्या यजमानांना असं काही आहे का, हे फोटो काढल्याशिवाय कळणार नाही. पण छातीवरचा दाब घालवण्याचं काम स्टेंट करतो आणि पुढचा अटॅक टाळण्याचं मोठं ओझं गोळ्या वाहतात, ही वाटणी यजमानांच्या मनात पक्की बसायला हवी. एलडीएल साधारण 39 ने उतरलं की मोठ्या त्रासांचं प्रमाण पाचव्या हिश्श्याने घटतं, हे लाखाहून जास्त माणसांच्या चाचण्या एकत्र करून दिसलेलं आहे.

आता भाऊजींच्या शंका. त्यांची कळकळ खरी आहे, त्यांना तोडून बोलू नका. लिव्हरचं म्हणाल तर औषध सुरू करताना एकदा एसजीपीटी ही लिव्हरची रक्तचाचणी बघतात. थोडंसं वाढलेलं असेल तरी गोळी चालते. नॉर्मलच्या तिप्पटीच्या वर गेलं तर डॉक्टर विचार करतात. या गोळीने लिव्हर खरोखर निकामी होणं अतिशय दुर्मिळ आहे. यजमानांना कावीळ होऊन गेली असेल, हिपॅटायटिस असेल किंवा दारू रोजची असेल तर ते मात्र लपवू नका. शुगरचं म्हणणं अर्धं खरं आहे. स्टॅटिनने, विशेषतः मोठ्या डोसने, शुगर किंचित वाढते, आणि जे डायबेटिसच्या उंबरठ्यावर असतात त्यातले काही जण थोडे लवकर तो ओलांडतात. यजमानांना डायबेटिस आधीच आहे, तेव्हा तीन महिन्यांनी एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची चाचणी) बघून गरज पडली तर शुगरची गोळी जुळवून घेता येईल. डायबेटिस असलेल्या माणसाला तर हृदयासाठी स्टॅटिनची गरज इतरांपेक्षा जास्त असते.

अर्जुनसालीचा मान आपल्याकडे मोठा आहे आणि तो जुना आहे. पण स्टॅटिनच्या जागी काढा ठेवला तर चालेल, असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. आणि येत्या पंधरा दिवसांत तर नवं काहीच सुरू करू नका, कारण प्रक्रियेच्या वेळी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतात आणि त्यांच्यात कोणता काढा कसा मिसळेल ते सांगता येत नाही. भाजीतला लसूण खुशाल खाऊ द्या, लसणाच्या कॅप्सूल नकोत.

अंगदुखीची भीती तुम्ही लिहिली नाही, पण गोळी सुरू झाली की कोणीतरी ती घालेलच. स्नायू दुखतात हे खरं आहे, काहींना गोळी बदलावीही लागते. पण 2020 मध्ये इंग्लंडमध्ये एक सुरेख प्रयोग झाला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून-पालटून दिलं. जेवढा त्रास स्टॅटिनने व्हायचा त्यातला जवळपास 90 टक्के औषध नसलेल्या गोळीनेही झाला. त्यांचं दुखणं खोटं नव्हतं, पण त्याचं कारण बहुतेक वेळा गोळीतलं औषध नव्हतं. तेव्हा पाय दुखले म्हणून स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. फक्त एका गोष्टीला थांबू नका: अंगभर असह्य वेदना, कमालीचा अशक्तपणा आणि लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. हे फार क्वचित होतं. सर्दी-खोकल्यासाठी कोणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर ॲटोर्व्हास्टॅटिन चालू असल्याचं सांगा, दोन्ही मिळून स्नायूंचा धोका वाढतो.

त्या दिवशीच्या गोळ्यांबद्दल. ॲटोर्व्हास्टॅटिनला जेवणाची अट नाही आणि रात्रीचीच वेळ हवी असंही नाही. उपाशी राहायचं म्हणजे चहा-नाश्ता नाही. हृदयाच्या आणि बीपीच्या गोळ्या सहसा दोन घोट पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. कोणत्या, ते आदल्या दिवशी विचारून कागदावर लिहून घ्या. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल सुरू केलं असेल तर उपास आहे म्हणून ते कधीही चुकवू नका. मेटफॉर्मिन वेगळं आहे. अँजिओग्राफीचं कॉन्ट्रास्ट औषध किडनीतून बाहेर पडतं, म्हणून डायबेटिसवाल्यांचं क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी) आधी बघतात, आणि किडनी जरा कमजोर असेल तर मेटफॉर्मिन तेव्हापासून 48 तास बंद ठेवतात. क्रिएटिनिनचा रिपोर्ट हातात असू द्या. आदल्या रात्रीचा 80 चा डोस विसरला तर सकाळी स्वतःच्या मनाने दुप्पट देऊ नका, वॉर्डात गेल्याबरोबर सांगा. ते तिथे देतील.

अँजिओग्राफीत तिन्ही वाहिन्या खराब निघाल्या आणि डायबेटिसमुळे बायपास सुचवला, तर गोंधळून जाऊ नका. चालू असलेलं स्टॅटिन तेव्हाही साधारणपणे चालूच ठेवतात. पण बायपासच्या तोंडावर मुद्दाम मोठा डोस सुरू करण्याचा उपयोग दिसलेला नाही. 2016 मध्ये आलेल्या अभ्यासात 1922 पैकी निम्म्या रुग्णांना हृदयाच्या ऑपरेशनआधी रोसुव्हास्टॅटिन 20 देऊन पाहिलं, हृदयाला काही फायदा झाला नाही आणि किडनीचा त्रास थोडा वाढला. म्हणून एका प्रक्रियेचा नियम दुसरीला लावू नका.

पैशांचा विचार मनात असेलच. स्टेंटच्या किमतीवर 2017 पासून सरकारी मर्यादा आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना आधीच भेटा. शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय हा सरकारी पर्यायही नाशिककरांच्या हाताशी आहे. आणि ॲटोर्व्हास्टॅटिन जेनेरिक स्वरूपात, जनऔषधी केंद्रात, अगदी स्वस्त मिळतं. महाग ब्रँडच हवा असं नाही, हवी ती सलगता.

या पंधरा दिवसांत पांडवलेणं नको, गोल्फ क्लबवरच्या वेगवान फेऱ्याही नकोत. घराजवळ सपाट रस्त्यावर दम न लागेल एवढं चालणं पुरे. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असेल तर ती खिशात असू द्या. आणि बसल्या जागी छातीत दाब आला, घाम फुटला, दुखणं जबड्यात किंवा हातात गेलं आणि पाच-दहा मिनिटांत ओसरलं नाही, तर ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही. 108 ला फोन करा आणि थेट कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करण्याची सोय) असलेल्या रुग्णालयात न्या. रिक्षा शोधत बसू नका, त्यांना जिना उतरून चालवू नका.

प्रक्रिया झाल्यावर सहा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करा. एलडीएल 55 च्या वर राहिलं तर डॉक्टर बहुधा इझेटिमाइब नावाची दुसरी गोळी जोडतील. ती स्टॅटिनच्या गटातली नाही, ती सोबत चालते. आकडा उतरून 45 झाला तर “आता फार कमी झालं” म्हणून गोळी अर्धी करू नका.

सासरे बावन्नाव्या वर्षी गेले, हे वाचून मला तुमच्या यजमानांइतकीच त्यांच्या भावाची आणि तुमच्या मुलांची काळजी वाटली. भाऊजींची शुगर, बीपी आणि लिपिड प्रोफाइल याच महिन्यात करून घ्या. ते निफाडहून भेटायला येतीलच, तेव्हा उपाशीपोटी सकाळी लवकर या म्हणावं. मुलं वीस-पंचविशीच्या पुढे असतील तर त्यांचीही एकदा तपासणी होऊ द्या, आणि त्यात लायपोप्रोटीन-ए ही चाचणी घाला. ती आयुष्यात एकदाच करायची असते, आणि घराण्यातून येणारा हा धोका साध्या लिपिड प्रोफाइलमध्ये दिसत नाही.